विहीर, जार आणि डाळिंबाची साल

माझ्या साडूंइतका सालींवर जीव टाकणारा माणूस आजवर कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत झालेला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी त्यांच्या शेजाऱ्यांची मनापासून इच्छा आहे. केळ्याची साल, मोसंबीची साल, कलिंगडाची पाठ, दुधी-काकडी-बटाट्याचं सोलून टाकलेलं काहीही या गृहस्थांना दिसलं की त्यांचे डोळे लकाकतात. सोनाराच्या दुकानावरून जाताना आमच्या हिचे लकाकतात तसे. आपण केळं खातो ते गरासाठी, अशी आपली भाबडी समजूत असते. साडूंच्या मते गर हा सालीच्या आत भरलेला एक अडथळा आहे. तो कुणीतरी खाऊन संपवल्याशिवाय साल मोकळी होत नाही, म्हणून देवाने त्याला चव दिली आहे.

हे माझे थोरले साडू, म्हणजे हिच्या ताईंचे यजमान. कर्जतला एसटी स्टँडजवळ त्यांचं ज्यूसचं दुकान आहे. घर मात्र पळसदरीच्या पुढे, खालापूर तालुक्यात पाऊल टाकलं की लागणाऱ्या एका लहानशा गावात. पुढे भाताची खाचरं, मागे परसू, परसात विहीर. दुकानातल्या साली ते रोज गोणीत भरून म्हशीसाठी घरी न्यायचे. मग म्हैस विकली, आणि त्याच सुमारास त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. फळांच्या, भाज्यांच्या साली पाण्यातले धातू आणि रंग ओढून घेतात, असं त्यात पांढरा कोट घातलेलं कुणीतरी सांगत होतं. असले व्हिडिओ आपण सगळेच पाहतो, चार जणांना पाठवतो आणि विसरतो. साडूंनी तो कुणालाच पाठवला नाही. ते उठले, त्या दिवशीची गोणी स्कूटरला बांधली आणि म्हैस नसलेल्या घरी घेऊन गेले.

त्यांना हे इतकं का लागलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं वेडाचार वाटणार नाही. परसातली ती विहीर एके काळी गोड्या पाण्याची होती. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा सासरचं त्यांना काहीच रुचलं नव्हतं. ना घर, ना सासूबाईंचा आवाज, ना नवऱ्याचं सारखं कशात तरी डोकं घालणं. पण पाणी आवडलं म्हणून राहिले, असं त्या अजून सांगतात. एकच खोट होती: वैशाखात विहीर तळाला जायची आणि झिरपेपर्यंत वाट बघत बसावं लागायचं. साडूंनी ठरवलं, विहिरीच्या तळालाच बोअर मारायचं. ताई नको म्हणाल्या होत्या. आहे तेवढं पुरतंय, तिच्या पोटात सळई घालू नका, असं स्पष्ट म्हणाल्या होत्या. साडूंनी बोअर मारलं. पाणी हात-दोन हात वर चढलं, गावातली माणसं बघायला आली, आणि पंधरवड्यात त्या पाण्याला तांबूस रंग चढला. रात्री भरून ठेवलेल्या बादलीच्या तळाशी सकाळी गंजाचा थर. पांढरे कपडे पिवळे, भात मळकट, आणि चहा काळा. नुसता गडद नव्हे. दूध घातल्यावरसुद्धा राखेसारखा करडा. साडूंनी बोअरच्या तोंडात सिमेंट ओतून ते बंद करून पाहिलं, पण खालच्या लोखंडाला एकदा वाट सापडली होती ती सापडलीच.

ताईंनी त्यावर एक शब्द काढला नाही. टेंपोवाल्याला सांगून पाण्याचा जार सुरू केला आणि स्वयंपाकघरात विळीशेजारी त्याची जागा ठरवून टाकली. प्यायला जार, भाताला जार, चहाला जार. साडूंना नेमकं हेच सहन होत नसे. मला एकदा म्हणाले, "शिव्या घातल्या असत्या ना साडू, तर एका दिवसात मोकला झालो असतो. ती जार फोडते आन् मला पानी देते. बोलत काय नाय." तेव्हापासून या माणसाची जगाकडे एकच मागणी आहे. ताईंनी आपल्या हाताने, जार बाजूला ठेवून, त्या विहिरीच्या पाण्याचा चहा करावा.

तर साली. दुकानातल्या पुरत नाहीत असं त्यांना वाटू लागलं, आणि आमचे हाल सुरू झाले. साडू आमच्याकडे नेरळला येताना पूर्वी रिकाम्या हाताने यायचे. आता पिशवी भरून फळं आणू लागले. ही हरखून गेली. दाजींचा स्वभाव किती बदलला, असं तिने चार नातेवाइकांना फोन करून सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की दाजी जात नाहीत. आम्ही सगळी फळं संपवेपर्यंत ते समोर बसून राहतात, "घ्या, आजून एक घ्या" असा आग्रह करतात आणि साल पडली की खिशातली पिशवी काढतात. मला मधुमेह आहे हे त्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, तुम्ही नुसतं सोला.

लग्नाच्या पंगतीत, सत्यनारायणाच्या प्रसादाला, एवढंच काय पण दहाव्याच्या जेवणालासुद्धा हे गृहस्थ केळं खाणाऱ्या माणसासमोर हात पुढे करून उभे राहत. पावसाळ्यात ठाकरवाडीतल्या बाया रस्त्याकडेला काकड्या, शिराळी घेऊन बसतात. त्यांच्याकडे स्कूटर थांबवून यांनी सालींची चौकशी केली. त्यातली एक म्हातारी त्यांना नीट न्याहाळून म्हणाली, "सालाटं न्यायची तर काकडी कोन खानार, दादा? आधी काकडी घे." साडूंनी टोपलीभर काकड्या घेतल्या. त्या आठवड्यात ताईंनी काकडीचे जितके प्रकार केले तितके मला माहीतही नव्हते.

जमवणं एकवेळ परवडलं, वाळवणं नको, असं शेजारी सांगतात. गच्चीवर, अंगणात, पत्र्यावर, ओटीवरच्या बाजेवर सगळीकडे साली पसरलेल्या असायच्या. पहिली खेप शेजाऱ्याच्या शेळ्यांनी खाल्ली, दुसरी माकडांनी उधळली, तिसरीवर नेमका अवकाळी पाऊस पडला. चौथी त्यांनी घरात आणून पंख्याखाली वाळवली, आणि त्या घराला असा मोसंबीचा वास लागला की पाहुणे चपला काढतानाच सरबत आहे का म्हणून विचारायचे. दळायला ताईंचा मिक्सर होताच. मग खोबऱ्याच्या चटणीला संत्र्याचा कडवटपणा येऊ लागला. ताईंनी तेव्हाही काही म्हटलं नाही. त्या कर्जतला जाऊन दुसरा मिक्सर घेऊन आल्या आणि जुन्याच्या कानाला लाल दोरा बांधला. तो साडूंचा.

पाणी काही सुधारत नव्हतं. कच्च्या सालींची पूड टाकली की पाणी तांबूस होतं ते पिवळं व्हायचं, तिसऱ्या दिवशी फसफसायचं आणि चौथ्या दिवशी त्यात वळवळ दिसायची. दुसरा कुणी असता तर त्याने व्हिडिओवाल्याला शिव्या घातल्या असत्या. साडूंना उलट मजा वाटू लागली. साल आधी धुवायला हवी, उकळून तिचा स्वतःचा रंग काढून टाकायला हवा, मग वाळवून कढईत कोळशासारखी भाजायला हवी, अशा एकेक गोष्टी त्यांना चुकत चुकत कळत गेल्या आणि प्रत्येक वेळी त्यांचा मला फोन आला. प्रत्येक सालीचा स्वभाव त्यांनी ठरवून टाकला होता. केळ्याची साल कष्टाळू, मोसंबीची मानी, बटाट्याची गरीब पण विश्वासू. "कलिंगड नुसतं दिसायला, साडू. कामाला उभं राहात नाय," हे त्यांनी मला इतक्या गांभीर्याने सांगितलं होतं की एखाद्या नोकराला काढून टाकल्यासारखं वाटलं.

अशात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांच्या घरी रीत अशी की हळदीच्या दिवशी सकाळी करवल्या परसातल्या विहिरीवरून कळशीने पाणी आणतात आणि हळद उतरवताना नवरीला त्याच पाण्याने न्हाऊ घालतात. ताईंनी जार सांगून ठेवले होते. साडूंनी जाहीर केलं की आपल्या मुलीला आपल्याच विहिरीचं पाणी मिळेल, आणि तेही आरशासारखं. परसात त्यांनी एक निळा ड्रम चौथऱ्यावर बसवला, खाली तोटी लावली, ड्रमला झेंडूची माळ घातली. आदल्या संध्याकाळी मी स्वतः त्यातलं पाणी पाहिलं. आरसा नसला तरी बऱ्यापैकी निवळ होतं. पण सुखाने झोपेल तो माणूस कसला? दुकानात त्या दिवसांत डाळिंबांचा हंगाम जोरात होता. डाळिंबाच्या सालीची पूड गोणीभर पडून होती. जास्त साल, जास्त शुद्ध, असा हिशेब करून त्यांनी पहाटे उठून ती न धुता, न भाजता ड्रममध्ये ओतली.

बायका गाणी म्हणत परसात आल्या. करवलीने कळशी तोटीखाली धरली. पहिली धार पडली आणि गाणं थांबलं. पाणी काळं होतं. काळसर नव्हे, दौतीतल्या शाईसारखं निळंकाळं. कळशी भरली तसं ते जास्तच काळं दिसू लागलं. हळदीच्या अंगणात काळा रंग! एका वयस्कर बाईने तोंडाला पदर लावला, दुसरी हळूच अपशकुन म्हणाली आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. साडू ड्रमपाशी उभे होते, त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ताई पुढे झाल्या, कळशी उचलून त्यांनी ते पाणी माडाच्या मुळाशी ओतलं आणि घरातून जार आणून त्याचं झाकण फोडलं. मग पाटावर बसलेली, नखशिखांत पिवळी झालेली आमची भाचीच बोलली. "बाबा, लगीन हाय माझं. दहावीचा पेपर नाय. शाई कशाला?" आधी ती हसली, मग करवल्या हसल्या आणि गाणं पुन्हा सुरू झालं. या मुलीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं, अजून वाटतं.

थोड्या वेळाने साडू दिसेनात. मला वाटलं, कुठे तरी तोंड लपवून रडत बसले असतील. समजूत घालायला मी शोधत गेलो. घरामागे, नवा रेशमी झब्बा घालून, ते उकिडवे बसले होते. समोर स्टीलच्या दोन वाट्या. एकीत जारचं पाणी, एकीत विहिरीचं, न गाळलेलं. दोन्हींत डाळिंबाच्या सालीचा एकेक तुकडा. जारचं पाणी जरासं पिवळसर झालं होतं. विहिरीचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत काळं पडत गेलं. ज्या माणसाची सगळ्या गोतावळ्यात नुकतीच शोभा झाली होती, तो माझ्याकडे वर बघून म्हणाला, "साडू, चहा काला होतो ना, तो यानंच. लोखंड हाय तिथंच काला होतो. ही साल साफ करत नाय, ही सांगते!" मी त्यांना दंडाला धरून मांडवात नेलं. लग्नाच्या फोटोंत वधूपित्याच्या खिशावर एक तपकिरी डाग दिसतो. तो त्या सालीचा आहे.

त्या दिवसापासून डाळिंबाच्या वाळक्या सालीचे तुकडे त्यांच्या खिशात कायमचे आले. कुठेही पाण्याचा पेला पुढे आला की आधी त्यात साल पडणार, साडू पेला उजेडाला धरणार आणि मगच पिणार. आमच्या घरी हे केलं तेव्हा ही दोन दिवस फुरंगटून बसली होती. महामार्गावरच्या हॉटेलात वेटरला वाटलं की पाण्यात झुरळ सापडलं. त्याने बिचाऱ्याने घाबरून मिसळीबरोबर जास्तीचे पाव आणून दिले. कहर झाला तो खोपोलीला, लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा. विहीणबाईंनी चांदीच्या पेल्यात पाणी आणलं, यांनी साल टाकली, पाणी करडं झालं, आणि यांनी भरल्या घरात सांगितलं, "तुमच्यात पन हाय!" जणू एखादं गोत्र जुळलं. विहीणबाईंनी तोंड फिरवलं. पण पुढच्या आठवड्यात त्यांनीच सुनेबरोबर आपल्या बोअरचं पाणी बाटलीत भरून पाठवलं, तुझ्या बाबांना दाखव म्हणून.

आता ताळा हाताशी आल्यावर साडूंनी नव्याने मांडणी केली. विहिरीचं पाणी उंचावरून, भोकं पाडलेल्या डब्यातून पावसासारखं पाडायचं, मग वाळूतून आणि शेवटी धुतलेल्या, भाजलेल्या सालींतून गाळायचं. हळूहळू डाळिंब गप्प बसू लागलं. त्यावर जावई एकदा सहज म्हणाले की हे सगळं कदाचित वाळूच करत असेल, सालींचा काही संबंध नसेल. दुसऱ्या दिवशी साडूंनी शेजारी अगदी तसाच दुसरा ड्रम उभा केला; त्यात फक्त वाळू. वाळूच्या पाण्यात डाळिंबाने किंचित करडी छटा दाखवली, सालींच्या पाण्यात काहीच नाही. मी म्हटलं, जिंकलात. ते म्हणाले, एवढ्यावर कसं म्हणायचं? वाळू बदलून बघू, डबा बदलून बघू. महिन्याभरात कळलं की साल थकते, मग ती काढून नवी भरावी लागते, आणि दिवसाला दोन-चार कळशांपलीकडे हा कारखाना पाणी देत नाही. प्रयोगशाळेत तपासणीलाही त्यांनी पाणी पाठवलं. लोखंडाची काळजी नाही, मात्र उकळल्याशिवाय पिऊ नका, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. चहाला उकळतातच की, असं म्हणून साडू खूश होते.

पण चहा काही होत नव्हता. ड्रमखाली भरलेली कळशी रोज स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसायची आणि त्या पाण्याने ताई भांडी घासायच्या, कपडे धुवायच्या. ते कपडे आता पांढरे निघत होते. चहा जारचाच. मी साडूंना म्हटलं, एकदा विचारा की सरळ. त्यांनी मान हलवली. "मी इचारलं तर ती हो म्हनंल. नको म्हनलीवती तवा मी ऐकलं नाय. आता माझ्या सांगन्यावरनं तिनं कशाला प्यावं?" या माणसाला मी बारा गावचा खुळा समजत आलो होतो. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, माझ्याच्याने इतका धीर धरवला नसता.

यंदा नवरात्रात आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. साडू आता थकलेत. गुडघ्यांमुळे स्कूटर जावई चालवतात आणि हे मागे गोणी धरून बसतात. ओटीवर गप्पा चालल्या होत्या, आदल्या दिवशीच्या साली उन्हात पसरल्या होत्या. ताईंनी आधी पाणी दिलं, मग चहा आणला. साडूंनी बशीत ओतला, एक घोट घेतला आणि थांबले. बशी खाली ठेवली, परत उचलली, दुसरा घोट घेतला. मी त्यांच्या नजरेमागून स्वयंपाकघरात पाहिलं. विळीशेजारी जार उभा होता. सकाळीच टेंपोवाला टाकून गेला असणार. त्याच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं सील तसंच्या तसं होतं, आणि दाराशी रोज भरलेली असते ती कळशी अर्धी झाली होती.

माझ्या कपात चहा चहाच्या रंगाचा होता. मी हिच्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग ताईंनीच विचारलं, साखर कमी झाली का. साडू नाही म्हणाले, बरोबर आहे म्हणाले. रिकामे कप उचलून ताई आत निघाल्या. उंबऱ्यात थांबल्या, आणि बोअरनंतरच्या त्या पाण्याबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलल्या.

"पयल्यासारखं नाय लागत," त्या म्हणाल्या. "पन आपलं हाय."

साडू उठून मागच्या परसात गेले. मी थोड्या वेळाने गेलो तेव्हा ते विहिरीच्या कठड्याला टेकून आत बघत उभे होते. खाली पाणी होतं तसंच होतं, तांबूस, कडेला गंजाची रेघ. ती विहीर आता पूर्वीची होणार नाही हे त्यांना आमच्या आधीपासून ठाऊक आहे. रोज दोन-चार कळशा तेवढ्या तिच्याकडून परत मिळवायच्या, हाताला होईल तोवर. मी खांद्यावर हात ठेवला. त्यांनी झब्ब्याच्या खिशातून डाळिंबाचा तुकडा काढून मला दाखवला. चहाच्या आधी प्यायलेल्या पाण्यात तो टाकायचा राहून गेला होता. "इसरलोच की ओ," ते म्हणाले, आणि तुकडा परत खिशात ठेवून, ऊन उतरलं होतं म्हणून अंगणातल्या साली गोळा करायला लागले. मीही खाली बसलो आणि जवळची गोणी ओढून घेतली.